हरितगृहातील गुलाबावरील लाल कोळी

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे व त्याच्या आसपासच्या गावी हरितगृहात गुलाब पिकविणाऱ्या बागायतदारांचे वर्षाचे गणित १४ फेब्रुवारी या एका दिवसावर पुष्कळसे अवलंबून असते. त्या दिवसासाठी मोठ्या शहरांत व परदेशी जाणारी फुले जानेवारीच्या अखेरीपासून काढणीस यावीत, म्हणून डिसेंबरात झाडांची छाटणी करतात. हरितगृहावर काढलेल्या कर्जाचा मोठा हप्ता याच फुलांतून फिटावयाचा असतो. अशा वेळी पानांवर फिकट ठिपके दिसू लागतात. बागायतदार ते खताची उणीव समजून आठवडाभर सोडून देतो, आणि मग शेंड्याजवळ बारीक जाळी दिसते. जाळी दिसली म्हणजे कीड पुरती स्थिरावली, असे समजावे. परदेशी पाठवावयाच्या फुलांवर जिवंत कोळी आढळल्यास तो माल परत येण्याचे भय असते.

लाल कोळी हा कीटक नव्हे. प्रौढ कोळ्यास आठ पाय असून त्याची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. गुलाबावर बहुधा आढळणाऱ्या जातीच्या अंगावर दोन काळसर ठिपके असतात व तिचा रंग पुष्कळदा लाल नसून हिरवट पिवळाच असतो. सबब लाल किडा शोधणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते. ही कीड पानाच्या खालच्या बाजूस राहून पेशींतील रस शोषून घेते. एक मादी सुमारे शंभर अंडी घालते आणि उष्ण व कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढ होण्यास जेमतेम आठ-दहा दिवस पुरतात. नराशी संयोग न झालेल्या मादीच्या अंड्यांतूनही नर निपजतात. त्यामुळे एखादी मादी जरी कामकऱ्याच्या कपड्यावरून आत आली, तरी तिच्यापासून वसाहत उभी राहू शकते. हरितगृहात पाऊस नाही, वाराही बेताचाच. थंडी ओसरून ऊन चढू लागले की ही कीड झपाट्याने फोफावते.

येथे बहुतेकांच्या हातून जी चूक होते, ती फवारणी न करण्याची नसून अवेळी व चुकीची फवारणी करण्याची होय. फुलकिड्यांसाठी म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषध वरचेवर मारले जाते. त्याने लाल कोळी फारसा मरत नाही. मात्र कोळ्यांना खाऊन जगणारे मित्र कोळी मरतात. शत्रू राहिला आणि त्याचा वैरी गेला, मग दोन आठवड्यांनी बाग पूर्वीपेक्षा अधिक ग्रासलेली दिसली तर नवल नाही. त्यावर एकच कोळीनाशक पुनःपुन्हा वापरले म्हणजे त्याला दाद न देणारी पैदास वाढीस लागते. दुकानदाराच्या सल्ल्याने औषधाचे नाव बदलले, तरी आतील घटक पुष्कळदा एकाच गटातील असतो. म्हणून डबीवरील नाव न पाहता घटकाचे नाव व गट पाहावा आणि दर खेपेस निराळ्या गटातील, गुलाबावरील कोळ्यासाठी शिफारस असलेलेच औषध लेबलावरील प्रमाणात घ्यावे. डायकोफॉल हे जुने औषध अनेकांच्या तोंडी अजून आहे. पण त्यावर २०२३ साली केंद्र शासनाने बंदी घातली आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने बागेत जाताना खिशात दहापट मोठे दाखविणारे भिंग ठेवावे. आठवड्यातून दोनदा प्रत्येक वाफ्यातील काही झाडांची खालची पाने उलटून पाहावीत. दाराजवळच्या, पडद्यालगतच्या व अधिक तापणाऱ्या जागा प्रथम पाहाव्यात, कारण कीड बहुधा तेथूनच सुरू होते. भिंग नसल्यास पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. हलणारे बारीक ठिपके दिसले तर ते बोटाने चिरडून पाहावेत. कीड आढळलेल्या झाडास रंगीत फीत बांधावी व कामकऱ्यांनी त्या भागात दिवसाच्या शेवटी जावे. जास्त लागलेली खालची पाने पिशवीत भरून बाहेर न्यावीत. वाटेवर टाकून दिलेल्या पानांवरून कोळी पुन्हा झाडावर चढतात.

सकाळच्या वेळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारल्यास जाळी तुटते व पुष्कळ कोळी धुऊन जातात. दुपारी उशिरा मात्र असे करू नये. पाने ओली राहिल्यास केवडा व करपा यांस आमंत्रणच मिळते. औषध मारताना नळीचे तोंड वरच्या दिशेस वळवावे, कारण पानाच्या वरच्या बाजूस पडलेले औषध बहुतांशी वायाच जाते. भुरीसाठी गंधक मारले असल्यास त्यानंतर दोन आठवडे तेलयुक्त फवारणी टाळावी, अन्यथा पाने करपतात. बंद हरितगृहात औषधाची वाफ लवकर जात नाही. फुले तोडावयास बहुधा स्त्रियाच जातात; लेबलावर सांगितलेला काळ उलटून पडदे उघडून हवा खेळल्याशिवाय त्यांस आत पाठवू नये, मग त्या दिवशीची तोडणी चुकली तरी चालेल.

मित्र कोळ्यांचा उपयोग हा नवा विचार नव्हे. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाच्या काकडी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने औषधांना दाद न देणाऱ्या लाल कोळ्यावर १९६७ साली फायटोसियुलस पर्सिमिलिस हा भक्षक कोळी वापरावयास सुरुवात केली. हा भक्षक लाल कोळ्यावरच जगतो आणि भक्ष्य संपले की स्वतः उपाशी मरतो. परंतु त्यास दमट हवा लागते. आपल्याकडील एप्रिलच्या कोरड्या उन्हात त्याची अंडी वाळतात. निओसियुलस लाँजिस्पिनोसस हा भक्षक कोळी मात्र भारतात मुळचाच आहे. पान उलटले असता लाल कोळ्यांमध्ये एखादा चकचकीत, नासपतीच्या आकाराचा, त्यांच्याहून कितीतरी चपळ कोळी धावताना दिसला, तर त्या वाफ्यावरील फवारणी एक आठवडा लांबवावी आणि दर दोन दिवसांनी दोहोंची संख्या मोजून वहीत टिपून ठेवावी.