प्रवासाची शिदोरी आणि शेजारधर्म



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आम्हांस चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा धान्याचे भाव, अडत, हमाली, बाजार समितीचे नियम हे नित्याचे विषय बाजूला ठेवून एका साध्या घरगुती विषयावर लिहावे असे मनात आले. आपण सर्वजण व्यापारानिमित्त, लग्नकार्यानिमित्त आणि तीर्थवंदनेनिमित्त आगगाडीचा दूरचा प्रवास करीत असतो. त्या प्रवासात सोबत काय खाद्य न्यावे, हा प्रश्न वरवर केवळ गृहिणींचा वाटतो. परंतु त्याचा संबंध आपल्या आचाराशी किती निकट आहे, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग आमच्या दोषाचा आहे, तरीही तो सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

१९९८ साली आम्ही तीर्थरूप अण्णा व कुटुंबीय मंडळी यांसह श्रीसम्मेदशिखरजींच्या वंदनेस निघालो होतो. बेळगावहून पुण्यास, तेथून कल्याणला आणि कल्याणहून अलाहाबाद-गया मार्गाने हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने पारसनाथ स्थानकापर्यंत, असा तो प्रवास होता. आमच्या समोरच्या बाकावर एक वृद्ध बंगाली गृहस्थ एकटेच बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आपला डबा उघडला. डब्यात मासळी होती. वास येताच आमचा पारा चढला आणि आम्ही चार लोकांदेखत त्यांना कठोर शब्दांत सुनावले की, आम्ही यात्रेकरू आहोत, हे येथे चालणार नाही. त्या गृहस्थांनी एक शब्दही उलट काढला नाही. डबा मिटला, पिशवीत ठेवला आणि ते खिडकीबाहेर पाहत बसले.

सूर्यास्तापूर्वी आम्ही आमची शिदोरी सोडली. दशम्या, चटणी, गूळपापडीचे लाडू यांचा समाचार घेतला. समोरच्या मनुष्याने सकाळपासून काही खाल्लेले नाही, हे आमच्या ध्यानीही आले नाही. रात्री आठच्या सुमारास त्यांचे हात कापू लागले, कपाळावर घाम आला, बोलणे अडखळू लागले. त्यांना मधुमेहाचा विकार होता आणि औषध घेऊन ते उपाशी राहिले होते. आमच्या सौ.ने तत्काळ गूळ पाण्यात कालवून त्यांच्या हाती दिला, मग दोन लाडू दिले. घटकाभराने त्यांना बरे वाटले. त्यांनी हात जोडले आणि मोडक्या हिंदीत इतकेच म्हणाले, "आपण तीर्थाला निघाला आहात. मला आपले मन बिघडवायचे नव्हते."

पहाटे पारसनाथ आले. ते गाढ झोपेत होते, त्यांना पुढे हावड्यास जावयाचे होते. आम्ही सामान उतरवून घेतले. मधुबनात पोहोचल्यावर अण्णांनी एकच प्रश्न केला, "त्या गृहस्थांची क्षमा मागितलीस का रे?" आम्ही मान खाली घातली. "मग डोंगर कसा चढणार?" असे म्हणून ते पुढे चालू लागले. सुमारे २७ किलोमीटरांची ती वंदना आम्ही पूर्ण केली खरी, परंतु अण्णांचा प्रश्न अजून पायांत घोटाळतो.

तेव्हापासून प्रवासाच्या शिदोरीचा विचार आम्ही दोन अंगांनी करू लागलो. आपल्या व्रताला ती साजेशी असावी हे पहिले अंग, आणि शेजारच्या प्रवाशाला तिचा उपद्रव होऊ नये हे दुसरे. ही दोन अंगे परस्परविरोधी नाहीत, हे पुढील अनुभवावरून दिसून येईल.

प्रथम टिकाऊपणाचा विचार. आम्ही धान्याचे व्यापारी असल्याने ओल हा आमचा जुना शत्रू. पोत्यातील धान्यात बारा-तेरा टक्क्यांहून अधिक ओल राहिली की बुरशी आणि कीड यांना आमंत्रणच मिळते. शिदोरीलाही हाच न्याय लागू पडतो. आपल्या आज्या दशमीची कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवीत, ज्वारीची कडक भाकरी तव्यावर व आचेवर पूर्ण वाळवीत, शेंगदाण्याची व कारळ्याची चटणी कोरडी कुटीत. बडोद्याकडील आपल्या बांधवांचा खाखरा, आपल्या भागातील भाजक्या पोह्यांचा चिवडा, गोकाकचा करदंट ही सर्व त्याच कुळातील. ती दोन दिवस निर्धास्त राहतात, हाताला चिकटत नाहीत आणि डब्यात सांडत नाहीत. याउलट भात कितीही रुचकर असला तरी लांबच्या प्रवासास अयोग्य. भातातील काही सूक्ष्म जंतूंची बीजे शिजविल्यानेही मरत नाहीत आणि उबदार डब्यात ती काही तासांतच वाढू लागतात. दहीभात न्यावयाचाच तर पहिल्या तीन-चार तासांतच संपवावा.

आपल्या शास्त्रकारांनी पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच व हिवाळ्यात सात दिवस अशी घालून दिली आहे. हवेतील ओल आणि उष्मा यांचे हे किती सूक्ष्म निरीक्षण आहे, हे ज्याने वखार सांभाळली आहे त्यास वेगळे सांगावयास नको. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशीच ताजे पीठ दळून आणावे. ज्यांना कच्च्या गोरसाबरोबर द्विदल वर्ज्य आहे, त्यांनी दही आणि डाळीचे पदार्थ एका वेळच्या डब्यात ठेवूच नयेत, म्हणजे गर्दीत व घाईत चूक होत नाही. पाणी उकळून, गाळून घरूनच न्यावे.

दुसरा विचार वेळेचा. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यांस गाडीत फार सोय आहे, असे आमचे मत झाले आहे. बेळगावहून निजामुद्दीनकडे जाणारी गोवा एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. म्हणजे पहिले भोजन घरीच दिवसाउजेडी उरकून निघावे. गाडीत खरा आहार एका दिवसाचाच उरतो. रेल्वेच्या नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची वेळ मानलेली आहे. त्या वेळी डबे वाजविणे, कागदी पुड्यांचा कुरकुराट करणे, दिवे लावणे हे सर्व आपल्या व्रतामुळे आपोआपच टळते. मात्र काही मंडळी पहाटेच फराळाचे डबे उघडून अख्खा डबा जागा करितात, त्यांनी सहा वाजेपर्यंत धीर धरावा.

तिसरा विचार वासाचा, आणि येथे आपण फार आत्मसंतुष्ट असतो. कांदा-लसूण आपण खात नाही, म्हणून आपल्या डब्यास वासच नाही असे आपणांस वाटते. परंतु हिंगाची फोडणी दिलेले लोणचे, तळणीच्या तेलात मुरलेल्या पुऱ्या, पिकलेला फणस यांचा घमघमाट वातानुकूलित बंद डब्यात तासन् तास रेंगाळतो. गर्भवती स्त्रीला, आजाऱ्याला किंवा गाडी लागणाऱ्या मुलाला तो असह्य होतो. फणसाबद्दल तर एक प्रसिद्ध हकीकत आहे. १९०९ साली अखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने फणस अधिक खाल्ल्यामुळे त्यास मार्गातील स्थानकावर उतरावे लागले आणि गाडी त्यास सोडून निघून गेली. त्याने साहेबगंजच्या रेल्वे कचेरीस मोडक्या इंग्रजीत लिहिलेले तक्रारपत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाने जपले आहे. गाड्यांत शौचालये होण्यास ते पत्र कारण झाले असे सांगतात. प्रवासात बेताने खावे, एवढा बोध तरी त्यातून घ्यावा.

चौथा विचार देण्याघेण्याचा. आपली रीत अशी की समोरच्याला दिल्यावाचून खाऊ नये. ही रीत उत्तम आहे, परंतु आग्रह एकदाच करावा. हल्ली गुंगीच्या पदार्थांच्या भीतीने अनोळखी माणसाकडचे खाऊ नये असे घरोघरी शिकवितात. कोणी नाही म्हटले तर तो आपला अपमान समजू नये. लहान मुलांच्या हाती आईबापांस विचारल्यावाचून काही देऊ नये. शेंगदाण्याने काही मुलांचा श्वास कोंडतो, आणि आपल्या निम्म्या पदार्थांत दाण्याचे कूट असते!

पाचवा विचार उरल्यासुरल्याचा. बाकाखाली सांडलेल्या तुकड्यामागे मुंग्या येतात, झुरळे येतात, उंदीर येतात, आणि मग त्यांच्या नाशासाठी डब्यात औषधाची फवारणी होते. ज्याने पाणी गाळून प्यायले त्यानेच चिवडा सांडून ही हिंसा ओढवून घ्यावी काय? खिडकीतून भिरकाविलेली बाटली रुळांवर काम करणाऱ्या मजुरास लागते, अन्न गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी गाय गिळते, आणि दूधसागरच्या घाटात टाकलेल्या केळ्यासाठी माकड रुळांवर येते. म्हणून शिदोरीसोबत एक रिकामी कापडी पिशवी असावी. सर्व कचरा तीत घालून मुक्कामाच्या स्थानकावर योग्य ठिकाणी टाकावा.

राहता राहिला शेजाऱ्याच्या डब्याचा प्रश्न. आपल्यास जे पाहवत नाही ते त्याने उघडले, तर काय करावे? आमचा आजचा परिपाठ असा की, आपण उठून दाराशी जावे, अथवा "आम्हांला जरा सवय नाही, आपण निवांत जेवा, आम्ही पलीकडे बसतो," असे मृदू शब्दांत सांगावे. अनुभव असा की, दहांतील आठ प्रवासी स्वतःच संकोचून सोय पाहतात. उरलेल्या दोघांनाही त्यांच्या अन्नाचा अधिकार आहे. जीवांनी परस्परांस उपकारक व्हावे असे तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी सांगितले. त्यात समोरच्याच्या ताटाची अट घातलेली नाही.

दरवर्षी दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही अडत्यांची, हमालांची, नातलगांची क्षमा मागतो. त्या यादीत शेवटचे नाव कोरे असते, कारण त्या बंगाली गृहस्थांचे नाव विचारण्याचेही सौजन्य आम्ही दाखविले नव्हते. अण्णा आज नाहीत. तथापि सौ. अजूनही प्रत्येक प्रवासात दोन लाडू निराळे बांधून ठेवते. ते आमच्यासाठी नाहीत, हे आता घरातील नातवंडांनाही ठाऊक आहे.