वसल कोण?

श्रोतेहो, सालेकसा हें गोंदिया जिल्ह्यांतील, मुंबई-हावडा लोहमार्गावरचें तालुक्याचें गांव. या पूर्व विदर्भांतील बौद्ध घरांत त्रिशरण व पंचशील आजहि पालींतच म्हटलें जातें. त्याच पालींतील एका लहानशा शब्दाविषयीं आज थोडें सांगावयाचें आहे. तो शब्द म्हणजे ‘वसल’. आपल्या ‘वसणें’ या क्रियापदाशीं त्याचा संबंध नाहीं. संस्कृत ‘वृषल’ याचें तें पाली रूप होय. मुद्राराक्षसांत चाणक्य चंद्रगुप्ताला ज्या नांवानें हांक मारतो, तोच हा शब्द. वृषल म्हणजे हीन कुळांतला. त्याचा सारा भार जन्मावर.

सुत्तनिपातांतील वसलसुत्तांत हा शब्द प्रथम शिवी म्हणूनच येतो. श्रावस्तींत भिक्षेसाठीं फिरत असतां भगवान बुद्ध अग्गिकभारद्वाज नांवाच्या ब्राह्मणाच्या घराजवळ येतात. तेथें होमाची सिद्धता चाललेली असते. ब्राह्मण त्यांना दुरूनच ‘वसलक’ म्हणून थांबवितो. शेवटच्या ‘क’मध्यें सारी तुच्छता भरलेली आहे. बुद्ध रागावत नाहींत. वसल कोणास म्हणावें हें तुला ठाऊक आहे काय, एवढेंच ते विचारतात. आपणांस तें ठाऊक नाहीं, असें ब्राह्मण कबूल करतो, आणि तेथूनच शब्दाचा अर्थ पालटूं लागतो.

पुढील यादींत कोणत्याहि कुळावर बोट ठेवलेलें नाहीं. घेतलेलें ऋण मागतांच नाकारणारा, खोटी साक्ष देणारा, सामर्थ्य असून वृद्ध आईबापांस न पोसणारा, केलेलें पाप झांकणारा, हे सारे वसल. अर्हत नसतां तसें म्हणवून घेणारा तर सर्वांत अधम. उलट, मातंग नांवाचा चांडाळपुत्र केवळ आचरणानें थोर कीर्तीस पोहोंचला, हें उदाहरणहि तेथेंच दिलें आहे. अखेरीस तो ब्राह्मण बुद्धांचा उपासक होतो.

गोव्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनीं सुत्तनिपाताचें मराठी भाषांतर केलें. पुढें १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं नागपुरास लाखों अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. जन्मावरून हीन ठरविल्या गेलेल्या माणसांना हा अर्थ म्हणजे केवळ कोशांतील नोंद नव्हती. त्यांच्या माणुसकीची ती साक्ष होती.

श्रोतेहो, कोणास हीन म्हणण्यापूर्वीं या यादीवरून आपली नजर एकदां फिरवावी. शेजाऱ्याच्या आधीं आपणच तींत सांपडण्याचा संभव आहे.