कॉलेजच्या शिक्षणास सरकारी साहाय्य : वृत्ति आणि कर्ज

बारावीचा निकाल हातीं आला म्हणजे मध्यम स्थितीच्या घरांत पहिल्या दोन दिवसांचा आनंद ओसरतांच फीची गोष्ट निघते. अशा वेळीं एखादा स्नेही सहज सांगून जातो, "अहो, हल्लीं सरकार मदत करतें, अर्ज तेवढा करा." तो खोटें सांगत नसतो. परंतु 'सरकारची मदत' या शब्दांत दोन अगदीं निराळ्या वस्तू एकत्र बांधल्या गेल्या आहेत. एक मदत परत करावयाची नसते. तिला शिष्यवृत्ति, फीमाफी किंवा निर्वाहभत्ता म्हणतात. दुसरी व्याजासह परत करावयाची असते. ती बँक देते, आणि सरकार तिच्या व्याजाचा किंवा हमीचा कांहीं भार उचलतें, एवढेंच. तिचें नांव कर्ज. दोन्ही एकाच खिडकीपाशीं मिळतात अशा समजुतीनें जे पालक घरून निघतात, ते पुष्कळदां पहिलीची मुदत घालवितात आणि दुसरीच्या कागदावर सही करून येतात.

विद्येच्या पाठीशीं सरकारी तिजोरी उभी राहण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जाई. १८१८ सालीं राज्य गेलें, तरी इंग्रज सरकारनें तो खर्च एकदम बंद केला नाहीं. त्यांतूनच १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढें मराठी ग्रंथांस पारितोषिकें व कॉलेजांतील हुशार तरुणांस 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन मिळूं लागलें. महादेव गोविंद रानडे हे अशाच फेलोंपैकीं एक. मात्र ही वृत्ति बुद्धीची होती, गरजेची नव्हती. आणि मूळची दक्षिणा तर एकाच जातीच्या पदरांत पडे. गरिबी हाही मदतीचा अधिकार होऊं शकतो, ही कल्पना फार मागाहूनची.

वृत्ति आणि कर्ज यांच्या मधला एक प्रकार बडोद्यास दिसतो. सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १९१३ सालीं भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांकरितां दिली. ती निव्वळ देणगी नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. पैशाचें ऋण सेवेनें फेडावयाचें, असा तो व्यवहार. १९१७ सालीं आंबेडकर तो करार पाळण्यास बडोद्यास गेले. परंतु अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत नोकरी सोडून मुंबईस परतावें लागलें. संस्थानानें पैका दिला होता. नगरानें बिऱ्हाड दिलें नाहीं.

पुढें तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असतां, १९४४ सालीं, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांकरितां मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आंत असलें म्हणजे फी व निर्वाहभत्ता तिच्यांतून मिळतो, आणि २०२०-२१ पासून तिचा भार केंद्रानें शेंकडा ६० व राज्यानें शेंकडा ४० असा वांटून घेतला आहे. महाराष्ट्रांत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतां आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठीं जी फीसवलत निघाली, तिनें तर जातीऐवजीं उत्पन्न हाच आधार मानला. वर्षास १२०० रुपयांहून कमी मिळकतीच्या घरांतलीं मुलें त्या सवलतीवर कॉलेजांत गेलीं. जुनीं माणसें तिला अजून 'ई. बी. सी.' म्हणूनच ओळखतात.

त्या सवलतीचा आजचा अवतार म्हणजे राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिक्षणशुल्क योजना. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची असून तिच्यांतून व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी फी मिळते. मुलींसाठीं राज्य सरकारनें जुलै १९२४ नव्हे, २०२४ मध्यें आणखी पुढचें पाऊल टाकलें. शंभर वर्षांपूर्वीं असा निर्णय कोणाच्या स्वप्नांतही आला नसता. आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. येथें एक मेख आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेशपद्धतीनेंच झालेला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून जागा घेतली कीं ही माफी गेली. चांगल्या नांवाच्या कॉलेजाच्या मोहानें कोट्याची जागा घेणाऱ्या बापानें आधीं हा हिशेब मांडलेला बरा.

आतां कर्जाची गोष्ट. सर्व सरकारी बँका ज्या नमुन्याबरहुकूम शैक्षणिक कर्ज देतात, तो बँकांच्या संघानें २००१ सालीं आंखून दिला व नंतर वेळोवेळीं सुधारला. शिकत असतां हप्ता नाहीं. अभ्यासक्रम संपल्यावर आणखी एक वर्षाची सवड. मग पंधरा वर्षांपर्यंत फेड. हें ऐकावयास फार गोड लागतें, आणि त्या गोडींतच पुष्कळांचें लक्ष व्याजावरून उडतें. हप्ता थांबलेला असतो, व्याज थांबलेलें नसतें.

समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं दरवर्षीं आरंभीं दीड लाख याप्रमाणें एकूण ६ लाख रुपये घेतले, आणि सोयीसाठीं व्याज शेंकडा १० धरलें. सवडीच्या काळांत सरळव्याज लागतें. पहिल्या दीड लाखावर पांच वर्षांचें ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार, चौथ्यावर ३० हजार. बेरीज २ लाख १० हजार. ती मुद्दलांत मिळविली जाते, आणि ६ लाख घेतलेल्या मुलाच्या नांवावर पहिल्या हप्त्याच्या दिवशीं ८ लाख १० हजार उभे असतात. दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारें १० हजार ७०० रुपये, एकूण पावणेतेरा लाखांच्या वर. पंधरा वर्षें घेतलीं तर हप्ता सुमारें ८ हजार ७००. पण एकूण भरणा साडेपंधरा लाखांहून अधिक. हप्ता दोन हजारांनीं हलका झाला म्हणून समाधान मानणाऱ्यानें ही दुसरी बेरीजही पाहावी. उलट, शिकत असतांचें व्याज दुसऱ्या कोणीं भरलें, तर दहा वर्षांचा हप्ता आठ हजारांच्या आंत येतो आणि एकूण भरणा साडेनऊ लाखांच्या आसपास राहतो.

तो 'दुसरा कोणी' म्हणजे केंद्र सरकार असूं शकतें. २००९ सालच्या योजनेप्रमाणें साडेचार लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील, तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचें सवडीच्या काळांतलें सर्व व्याज सरकार भरतें. कर्जाची मर्यादा आतां १० लाख आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेनें ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना, इतर लाभ नसल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजांत शेंकडा ३ ची सूट दिली. वरच्या उदाहरणांत ती ६३ हजारांची होते. पण ही सूट वर्षास एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच आहे, आणि कॉलेज सरकारी यादींतलें असावें लागतें. आरंभींच्या यादींत ८६० संस्था होत्या. शिवाय पूर्ण व्याजाची सवलत आयुष्यांत एकदांच मिळते, आणि दुखण्याखेरीज अन्य कारणानें शिक्षण मध्येंच सोडलें तर तिचा हक्क जातो.

तारणाविषयीं मोठा गैरसमज आहे. बँकांच्या नमुन्यांत चार लाखांपर्यंत तारण नाहीं, साडेसात लाखांपर्यंत हमीदार, त्याच्यावर तारण. विद्यालक्ष्मी योजनेंत तारणही नको, हमीदारही नको. यावरून वडील मोकळे झाले असें मात्र नव्हे. बहुधा आई किंवा वडील सहकर्जदार असतात, आणि मुलाचे हप्ते चुकले तर त्यांची पतही त्याबरोबर खालावते. पेन्शनीस आलेल्या बापानें सही करण्यापूर्वीं हें शांतपणें वाचावें.

ज्यांना कोणतीच सवलत लागू नाहीं, त्यांनाही एक वाट आहे. वरच्या उदाहरणांतलें व्याज पहिल्या वर्षीं महिन्यास साडेबाराशें रुपये पडतें, शेवटीं पांच हजार. तें शिकत असतांच भरीत गेलें तर मुद्दल फुगत नाहीं, आणि असें करणाऱ्यास दरांत शेंकडा १ पर्यंत सूट देण्याची मुभा त्या नमुन्यांत बँकांस आहे. पगारदार घरास हें झेपण्यासारखें असतें. फेड चालूं झाल्यावर व्याजाची रक्कम जुन्या करपद्धतींत आठ वर्षें उत्पन्नांतून वजा मिळते.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाराष्ट्रांत 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर भरावयाचा असतो, आणि रक्कम आधारशीं जोडलेल्या बँकखात्यांत येते. ती वेळेवर येत नाहीं ही तक्रार खरी आहे, आणि दरवर्षीं अर्जाचें नूतनीकरण विसरल्यानें हक्काची रक्कम बुडाल्याचीं उदाहरणेंही कमी नाहींत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढूं म्हणणाऱ्यांस जूनमध्यें कचेरीसमोर रांग दिसते. तो एप्रिलमध्येंच काढून ठेवतां येतो. बँकेकडे मागावयाचा आंकडा फीमाफी व भत्ता वजा करून मगच ठरवावा, आणि व्याजाच्या सवलतीचा अर्ज कर्ज मंजूर होतांच द्यावा. बँकेंतील कारकून तो आपण होऊन पुढें करीलच, असें धरून चालूं नये.