राष्ट्राध्यक्षांच्या थोरवीचा निकष

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन राष्ट्राध्यक्षांत थोर कोण आणि नालायक कोण, याच्या याद्या तिकडचे इतिहासकार वेळोवेळी करीत आले आहेत. आर्थर श्लेसिंजर यांनी १९४८ साली अभ्यासकांची मते घेऊन केलेल्या यादीत युलिसिस ग्रँट शेवटून दुसरा, ‘अपयशी’ या वर्गात. रदरफोर्ड हेज मात्र ‘सामान्य’ वर्गात, म्हणजे पुष्कळच वर. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसाने यादी केली असती तर हीच झाली असती काय, असा माझा प्रश्न आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केली, तेव्हा ग्रँटच सत्तेवर होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स गावी, आदल्या वर्षीच्या निवडणुकीच्या वादातून, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्यांची कत्तल केली. शरण आलेल्यांनाही सोडले नाही. कायद्याने दिलेली मुक्ती राखायला बंदूक लागत होती, आणि ती कोणी पाठवली हाच माझा निकष आहे.

ग्रँटच्या कारभारात भ्रष्टाचार बोकाळला, हे खरेच. पण १८७१ साली त्याने कू क्लक्स क्लानविरुद्ध कायदा करवून घेतला, दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ जिल्ह्यांत हेबियस कॉर्पस स्थगित केले आणि शेकडो क्लानवाल्यांना गजाआड केले. १८७५ साली मिसिसिपीच्या गव्हर्नराने फौज मागितली तेव्हा मात्र त्याने हात आखडता घेतला. तेही त्याच्या खात्यावर मांडले पाहिजे.

मग आली १८७६ ची निवडणूक. डेमोक्रॅट टिल्डनला जनतेची सुमारे अडीच लाख मते अधिक पडली. निर्वाचक मते हवी होती १८५. टिल्डनकडे १८४, हेजकडे १६५, आणि २० वादग्रस्त. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी वीसच्या वीस हेजला बहाल केली. टिल्डनवरील या अन्यायाची चर्चा फार होते. परंतु दक्षिणेत काळ्या मतदाराला धाकदपटशाने मतपेटीपासून हाकलले होते. ते अडीच लाखांचे आधिक्य तरी कुठे निर्मळ होते? चोरीच्या मालावर दोन पक्ष भांडत होते, आणि मूळ धनी दाराबाहेर उभा होता.

काळ्यांचे हक्क सांभाळू, असा शब्द हेजने दक्षिणेच्या पुढाऱ्यांकडून घेतला आणि त्यावर विसंबून एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलायना व लुइझियाना येथील सरकारांच्या पाठीशी उभे असलेले सैन्य बराकीत परत पाठवले. दोन्ही सरकारे कोसळली.

ड्यू बॉइस यांनी १९३५ सालीच या कालखंडाची काळ्यांच्या बाजूने फेरमांडणी केली होती. विद्यापीठांनी ती ऐकायला कित्येक दशके घेतली. सी-स्पॅन वाहिनीच्या पाहणीत ग्रँट २००० साली ३३ वा होता, २०२१ साली २० वा.

हेजला दिलेल्या शब्दाचे काय झाले, ते लुइझियानाच्या मतदारयादीत दिसते. १८९६ साली तीत १,३०,३३४ काळे मतदार होते. १८९८ साली राज्याने नवी घटना करून साक्षरतेची व मालमत्तेची अट घातली, आणि ज्यांचे बाप-आजे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना, म्हणजे गोऱ्यांना, तीतून सूट दिली. १९०४ साली काळे मतदार उरले १,३४२.