मोठेपणी शिकताना मन साथ देईना, तर?

तंजावूरच्या राजवाड्याचं आवार ओलांडून सरस्वती महाल ग्रंथालयात शिरलं की मराठी माणसाचा पाय थबकतो. तमिळ मुलुखात इथं मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे जपलेले आहेत. ते वाचायचे तर मोडी यायला हवी, आणि आजकाल ती बहुतेकजण मोठ्या वयातच शिकतात.

समजा, अशा एखाद्या वर्गात पस्तिशीच्या एक बाई आहेत. हुशार आहेत. पहिला महिना छान गेला, मग गैरहजेऱ्या सुरू झाल्या. काल ओळखलेलं अक्षर आज ओळखू येईना. घरचे म्हणाले, ‘‘फिटली वाटतं हौस!’’ खरं म्हणजे बाईंचा नैराश्याचा जुना आजार पुन्हा उलटला होता.

मानसिक आजारातून येणारं अपंगत्व वरून दिसत नाही. मतिमंदत्वाशी त्याची गल्लत करू नये. इथं बुद्धी शाबूत असते, पण एकाग्रता, स्मरण, उमेद अधूनमधून दगा देतात. नैराश्यात एकच ओळ चारदा वाचली तरी डोक्यात शिरत नाही. चिंतेच्या विकारात घरी पाठ असलेलं परीक्षेच्या खोलीत पुसून जातं. मंत्रचळात एकच पान पुन्हापुन्हा लिहिलं जातं आणि वही काही पुरी होत नाही. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कानातल्या आवाजांतून शिक्षकांचा आवाज वेगळा काढावा लागतो. शिवाय औषधं! काहींनी सकाळी झापड येते, लिथियमनं काहींचा हात थरथरतो. गिचमिड अक्षराचे गुण कापणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

प्रौढाला आणखी एक जाच असतो, लाजेचा. शाळकरी मुलासाठी आई शिक्षकांना जाऊन भेटते. चाळिशीच्या माणसासाठी कोण जाणार? तो निमूटपणे वर्ग सोडतो.

याच राजवाड्यातले सरफोजीराजे दुसरे (१७७७-१८३२) वैद्यकाचे मोठे व्यासंगी. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांची तपासणी आणि उपचार रुग्णागणिक टिपून ठेवले जात. डोळ्यांची चित्रंही काढलेली आहेत. मनाच्या आजारातही अशी टिपणं फार उपयोगी पडतात. झोप कधी बिघडली, औषध कधी बदललं, अभ्यास कोणत्या वेळी होतो, हे विद्यार्थ्यानं महिनाभर लिहावं. मग डॉक्टरांशी आणि शिक्षकांशी नेमकं बोलता येतं. सकाळऐवजी दुपारची तुकडी, दाराजवळची जागा, व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची मुभा, परीक्षेत जादा वेळ, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. आजाराचं नाव साऱ्या वर्गाला सांगायची मुळीच गरज नाही.

कायदाही पाठीशी आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात मानसिक आजाराचा समावेश होताच. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. प्रवेशाच्या कमाल वयातही ५ वर्षांची सूट दिली. चाळिशीकडे झुकलेल्यांना ही सूट मोलाची, पण फारच थोड्यांना ती ठाऊक असते.

आणि दाखला, डॉक्टर हे सगळं लांबचं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा विनामूल्य, रात्रंदिवस चालते. तिथं मराठीतही बोलता येतं, तमिळमध्येही.