रबर काढलं, मोटर बसवली
(लेखमाला : हातावेगळं विमान – भाग ६)

मागच्या भागात आपण रबराच्या पिळावर उडणाऱ्या मॉडेलपाशी थांबलो होतो. फ्रेंच संशोधक पेनोने १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलेरी बागेत उडवलेलं विमान आणि आज खोक्यातून मिळणारा बाल्साचा संच यांच्यात तत्त्वाचा फरक फारसा नाही. फरक पडतो तो रबर काढून तिथे वीज आणि रेडिओ आणला की. या भागात तेच करायचं आहे.

समोर एक ठरावीक संच ठेवू. मॅसॅच्युसेट्समधल्या वेकफिल्डची गिलो ही कंपनी १९२६ पासून या धंद्यात आहे. संस्थापक पॉल गिलो हा पहिल्या महायुद्धातला अमेरिकी नौदलाचा वैमानिक. त्यांच्या यादीतलं २४ इंची, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर पंखांचं पायपर सुपर कब आपल्या कामाचं आहे. खोक्यावरच्या चित्रात स्पिटफायर आणि मस्टँग जास्त देखणे दिसतात, पण पहिल्या रूपांतरासाठी ते नकोत. त्यांचा पंख खाली आणि शेपटी लहान असते, आणि उतरताना ते चूक माफ करत नाहीत. कबचा पंख वर, धड पंखाखाली टांगलेलं. डोललं तरी सावरतं.

आता मूळ मुद्दा. संचाचा आराखडा रबरासाठी काढलेला असतो. पीळ भरलेलं रबर नाकापासून शेपटीजवळच्या खुंटीपर्यंत ताणलेलं असतं आणि ते सगळ्या धडाला दोन्ही टोकांकडून दाबतं, शिवाय पिळतं. म्हणून धडाच्या चारही लांब काड्या शेवटपर्यंत भक्कम ठेवलेल्या असतात. मोटर बसवली की हा दाब नाहीसा होतो. सगळा जोर नाकाच्या पहिल्या चकतीवर येतो, आणि उतरताना बॅटरीच्या वजनाचा धक्का तिच्या मागच्या कप्प्यावर. म्हणजे मागचं लाकूड आता ओझं आहे आणि पुढचं अपुरं. रूपांतर म्हणजे मागून काढून पुढे घालणं. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: मोटर येणार म्हणून घाबरून सगळीकडेच जाड काड्या आणि भरपूर डिंक वापरतो. असं विमान शोकेसमध्ये छान दिसतं.

मागून किती काढायचं याचं उत्तर तरफेत आहे. कबचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटर मागे हवा, म्हणजे पंखाच्या ९ सेंटिमीटर रुंदीच्या पाव भागाच्या जरा पुढे-मागे. तिथून शेपटी सुमारे २५ सेंटिमीटर लांब, तर बॅटरी जेमतेम ८ सेंटिमीटर पुढे. शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम तोलायला नाकात तीन ग्रॅम लागतात. म्हणून शेपटीची चौकट पुन्हा हलक्या काडीत करावी, आणि खुंटीजवळची जोडपट्टी सरळ काढून टाकावी.

हलकी काडी ओळखायची कशी? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. बाल्सा हे एकच लाकूड नाही. त्याची घनता घनमीटरला शंभर किलोच्या आत असू शकते आणि दोनशेच्या वरही जाते. एक सोळांश इंच जाड, ३ इंच रुंद आणि ३६ इंच लांब पत्रा ११ ग्रॅमचा असू शकतो किंवा २२ ग्रॅमचाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संचातलं लाकूड बऱ्याचदा जड निघतं. जुन्या संचांत तर साच्याने दाबून कापलेल्या फासळ्यांच्या कडा चिरडलेल्या असतात. अशा वेळी संचाकडे नकाशा म्हणून पाहावं: फासळ्या गिरवून घ्याव्यात आणि हलक्या पत्र्यातून ब्लेडने कापाव्यात. (जाता जाता: बाल्सा इक्वेडोरकडचा, पण त्याचं कूळ आपल्या काटेसावरीचं. रानातली सावर झपाट्याने वाढते आणि तिचं लाकूड पोकळसर हलकं का असतं, ते इथे कळतं.)

यंत्रभाग आज सहज मिळतात, पण ही सोय नवी आहे. कर्नल टॅपलिन यांनी ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल विजेवर उडवलं, तेव्हा चांदी-जस्ताची बॅटरी वापरली होती. ते विमान मोठं होतं, म्हणून ते वजन पेललं. पुढची कित्येक वर्षं निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या, आणि आपल्या कबएवढ्या नाजूक मॉडेलपेक्षा त्यांचा जुडगाच जड भरायचा. लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटर एकत्र आल्यावर हे दार खऱ्या अर्थाने उघडलं.

आपल्या विमानाचा जमाखर्च मांडू. मोटर १० ग्रॅम, तिचा वेग सांभाळणारा ईएससी ६, शेपटीचे हलते भाग फिरवणारे दोन सर्व्हो मिळून ८, रिसीव्हर ३, दोन सेलची ३०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी २० आणि प्रोपेलर, तारा वगैरे ५. झाले ५२. सांगाडा, चाकं आणि कागद ५८ ग्रॅमांत बसवले तर एकूण ११० ग्रॅम. पंखाचं क्षेत्रफळ सव्वापाच चौरस डेसिमीटरच्या आसपास, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला २१ ग्रॅमच्या आत. असं विमान ताशी २२ किलोमीटरच्या सुमारास तरंगत राहतं. वजन १६० ग्रॅमवर गेलं तर हाच वेग २६-२७ होतो. आकडा लहान वाटेल, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने आणि वर वजनानेही वाढते. हिशोब केला तर ती दुपटीहून जास्त भरते.

ताकद किती लागेल? शांत उडणाऱ्या विमानाला किलोमागे दीडशे वॅटच्या आसपास पुरतात. आपल्या ११० ग्रॅमला १६-१७ वॅट झाले. दोन सेलचे ७.४ व्होल्ट, म्हणजे अडीच अँपिअरच्या आत भागतं. पूर्ण जोरात चालवलं तरी बॅटरी सात मिनिटं जाते, आणि कब कधीच पूर्ण जोरात चालवायचं नसतं. मोटरवर ‘केव्ही’चा आकडा लिहिलेला असतो. तो दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे, हे सांगतो. २००० केव्हीची मोटर आणि सहा इंची प्रोपेलर ही जोडी इथे जमते. मोटरची चकती प्लायवूडची करावी आणि ती दोन-तीन अंश खाली, दोनेक अंश उजवीकडे कलती बसवावी. नाहीतर जोर वाढवताच नाक वर जाऊन विमान डावीकडे वळू पाहतं. ईएससी रिसीव्हरलाही वीज पुरवतो, आणि बॅटरी उतरू लागली की आधी मोटर बंद करतो. सर्व्हो चालू राहतात, म्हणून विमान तरंगत खाली आणता येतं.

विमान कलवणारे पंखावरचे एलेरॉन मी करत नाही, आणि तुम्हीही करू नयेत. त्यासाठी आणखी सर्व्हो, तारा आणि बिजागऱ्या लागतात. त्याऐवजी पंखाची टोकं मूळ आराखड्यापेक्षा उचलून घ्यावीत. प्रत्येक टोक मध्यापेक्षा सुमारे ३ सेंटिमीटर वर. शेपटीच्या उभ्या रडरने नाक वळलं की पुढे आलेल्या पंखाला वारा जास्त कोनातून मिळतो, तो उचलला जातो आणि विमान आपोआप कलतं. रडर आणि नाक वर-खाली करणारा आडवा एलिव्हेटर संचात शेपटीला अखंड असतात. ते कापून वेगळे करायचे. जुन्या फ्लॉपी डिस्कमधली काळी फिल्म बिजागरीला उत्तम. सर्व्हो धडात पंखाखाली बसवून तिथून शेपटीपर्यंत एक मिलिमीटरच्या कार्बन काड्या न्याव्यात. सर्व्हो शेपटीजवळ नेले की तरफ पुन्हा आड येते.

मढवण्याबद्दल थोडक्यात. इस्त्रीने चिकटणारी जाड प्लास्टिक फिल्म या मापाला जड पडते, आणि आक्रसताना नाजूक सांगाडा वाकवते. पातळ टिश्यू कागद, पाण्याचा फवारा आणि वर पातळ डोपचे (कागद ताणून घट्ट करणाऱ्या लाखेसारख्या द्रवाचे) एक-दोन हात पुरे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हा कागद दमट हवेने सैल पडतो आणि पंखाला पीळ बसू शकतो. डोप वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर टाचण्यांनी जखडून ठेवावा.

लिथियम बॅटरीचे नियम मात्र सोडू नयेत. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, ३ च्या खाली उतरवू नये, महिनाभर ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवावी. फुगलेली किंवा टोचलेली बॅटरी वापरू नये. आणि चार्जिंगला लावून बाजारात जाऊ नये.

पहिल्या उड्डाणाआधी मोटर बंद ठेवून, उंच गवताच्या मैदानात, वाऱ्याच्या तोंडावर हाताने सोडून बघा. नाक खाली घालून वेगात उतरलं तर बॅटरी किंचित मागे सरकवा. नाक उचलून थबकत, पुन्हा झुकत उतरलं तर पुढे. म्हणूनच तिचा कप्पा थोडा लांब ठेवायचा. हे जमेपर्यंत मोटरला हात लावू नका. दिवाळीनंतरच्या सकाळी सूर्य उगवताना वारा पडलेला असतो, तेव्हा जा. जवळ विमानतळ नाही याची खात्री करा आणि विमान नजरेच्या टप्प्यात ठेवा.

पुढच्या आठवड्यात ट्रान्समीटरच्या जोडण्या : काठी किती हलवली की रडर किती हलावं, आणि विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं का उलटतं.