फोल्डरचं नाव बदलत असतानाच कोणी फाईल उघडली तर?

वाशी म्हटलं की बहुतेकांना नवी मुंबईच आठवते. त्यामुळे आपल्या मराठवाड्यातल्या वाशीकरांना पत्ता पूर्ण सांगावा लागतो: महाराष्ट्र, धाराशिव, वाशी. तुमचा फोनही फाईल अशीच शोधतो. सगळ्यात वरचं फोल्डर, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं. हे काम ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल करतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्स आहे.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. समजा, नेमक्या त्याच क्षणी कोणी 'महाराष्ट्र/उस्मानाबाद/वाशी' शोधत होतं. अर्धा पत्ता जुना वाचला, अर्धा नवा. माणूस कुणाला तरी विचारून घेईल. पण प्रोसेसरमध्ये अनेक कोअर एकाच वेळी काम करतात. एक वाचतोय आणि दुसरा नाव बदलतोय. कोण आधी पोचलं यावरच उत्तर बरोबर की चूक हे ठरत असेल, तर ती 'रेस कंडिशन'. हजार वेळा सगळं नीट चालतं आणि एकदाच बिघडतं, म्हणून ती सापडता सापडत नाही.

सोपा उपाय म्हणजे कुलूप, अर्थात लॉक. लिनक्स पूर्वी प्रत्येक पायरीवर तेच करायचा. पण पूर्ण पत्ता '/' या मूळ फोल्डरपासून सुरू होतो. त्यामुळे सगळे कोअर त्याच दारात रांग लावायचे.

मार्च २०११ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.३८ मध्ये निक पिगिन यांनी लिहिलेली बिनकुलपी पद्धत आली. ती समजायला एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फळा डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात एक आकडा आहे. फळा पुसायला घेताना कर्मचारी तो एकने वाढवतो, लिहून झाल्यावर पुन्हा एकने. म्हणजे आकडा विषम असेल तर काम चालू आहे. तुम्ही आधी आकडा बघा, वेळ वाचा, परत आकडा बघा. तोच असेल तर वाचलेलं खरं. बदलला असेल तर वाचलेलं सोडून द्या. कर्नल अशा वेळी मुकाट्याने जुन्या, कुलूपवाल्या पद्धतीने पत्ता पुन्हा शोधतो. शिवाय काढून टाकलेल्या फोल्डरची नोंद लगेच फेकली जात नाही. ती वाचणाऱ्यांचं वाचून होईपर्यंत थांबतो.

यातली एखादी तपासणी राहिली तर? याच जातीची, पण मेमरीच्या कोडमधली एक चूक ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाली: 'डर्टी काऊ'. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाईलवर लिहायला गेलं की कर्नल तिची खासगी प्रत देतो. नेमक्या मधल्या क्षणी ती प्रत फेकायला लावली, की लिखाण थेट मूळ फाईलवर! चूक २००७ पासून कर्नलमध्ये होती. २०१७ मध्ये 'झेडएनआययू' या अँड्रॉइड मालवेअरने तिचा वापर केला. सर्वाधिक फोन सापडले चीन आणि भारतात.

दुरुस्तीच्या टिपणात लिनस टॉर्वाल्ड्स यांनी कबूल केलं की ही चूक दुरुस्त करायचा प्रयत्न त्यांनीच अकरा वर्षांपूर्वी केला होता, पण तो मागे घ्यावा लागला. तेव्हा ही शर्यत निव्वळ कागदावरची वाटत होती.